सातवा प्रश्न

दोस्तांनो, दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की पहिले दोन दिवस वर्गात शिकवणं म्हणजे वाऱ्याची मोट बांधणं. कुणाच्या खिशात उरलेल्या टिकल्या, कुणाच्या डब्यात शेवटच्या दोन करंज्या, आणि मामाच्या गावच्या गप्पा तर संपता संपत नाहीत. म्हणून मी चौथीच्या वर्गात दरवर्षी एक युक्ती करते. फळ्यावर लिहिते, 'आमच्या घरातलं कोण कुठं गेलं?' आणि प्रत्येकानं उभं राहून सांगायचं.

आमची शाळा औसा तालुक्यातल्या एका लहान गावात आहे. मी औशाला राहते आणि रोज स्कुटीवर जाते-येते. तर यंदा मुलांनी काय काय सांगितलं बघा. काका पुण्याला, चाकणला. मामा हैदराबादला. आत्या लातूरला, अकरावीच्या क्लासला असलेल्या पोरीसाठी खोली करून राहिलेली. दोघांचे आईबाप ऊसतोडीला गेलेले, ते आता उन्हाळ्याच्या तोंडाशी येणार. बत्तीस मुलांच्या वर्गात ज्याच्या घरातलं कुणीच कुठं गेलेलं नाही असं एकच पोरगं निघालं, आणि तेसुद्धा जरा ओशाळून म्हणालं, "आमचं कुणीच न्हाई जात मॅडम."

शेवटच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचं नाव इथं लिहीत नाही. त्याच्या आईला विचारूनच मी हे लिहितेय आणि तिनं सांगितलंय, "लिव्हा, पण नावं नका घालू." तो म्हणाला, "आमचे पप्पा दुबईला जायलेत."

सगळा वर्ग मागं वळला. विमान, उंच इमारत, सोन्याचं दुकान, एकेकाला काय काय आठवायला लागलं. "कवा?" "किती दिवस?" "तुला काय आणणार?" त्याला खरं म्हणजे आनंद व्हायला पाहिजे होता. पण तो माझ्याकडं बघून म्हणाला, "मॅडम, दोन वर्षं म्हणजे सहावीला जाईन ना मी?"

मी "हो" म्हणाले आणि पुढच्या मुलाला उभं केलं. चुकलंच माझं. मधल्या सुट्टीत तो खिचडी न घेता ओट्यावर बसलेला दिसला, तेव्हा मी जाऊन त्याच्याशेजारी बसले.

घरची हकीकत त्यानं तुकड्या-तुकड्यानं सांगितली, बाकीची मला त्याच्या आईकडून कळली. वडील नववीपर्यंत शिकलेले. २०१६ चा दुष्काळ तुमच्या घरच्यांना आठवत असेल. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. रेल्वेनं पाणी आलं आणि आमच्या भागातली पोरं त्याच रेल्वेनं पुण्या-मुंबईला गेली. हा मुलगा तेव्हा रांगत होता. वडील चाकणला गेले, कारखान्यात वेल्डिंग शिकले, बरं चाललं होतं. २०२० मध्ये लॉकडाऊन लागलं, काम थांबलं, खोलीचं भाडं थांबेना, तेव्हा गावी परत आले ते आलेच. तीन एकर शेत आणि औशात एका दुकानात ग्रीलं, दरवाजे जोडायचं काम. मग सप्टेंबर २०२५ चा तो पाऊस. तेरणा, मांजरा भरभरून वाहिल्या आणि उभं सोयाबीन पाण्यात गेलं. त्यानंतर महिन्याभरानं एक माणूस गावात आला. दुबईला वेल्डर पाहिजेत, महिना १५०० दिरहम, राहायला जागा फुकट. दीड लाख भरायचे.

"तुला काय वाटतंय?" मी विचारलं.

"मला कुणी इचारलंच न्हाई की."

हे त्याचं वाक्य तुम्ही जरा ध्यानात ठेवा.

माझ्या डोक्यात तो दिवसभर घोळत राहिला. दुसऱ्या दिवशी परिसर अभ्यासाच्या तासाला मी पुस्तक मिटून ठेवलं आणि मुलांना एक गोष्ट सांगितली. गोष्ट खरी आहे आणि १४० वर्षांच्या वर जुनी आहे.

आनंदीबाई जोशी हे नाव तुम्ही ऐकलंच असेल. जन्म १८६५, माहेर कल्याणचं. नवव्या वर्षी लग्न. चौदाव्या वर्षी बाळ झालं आणि दहा दिवसांत गेलं, कारण बाईला तपासायला बाई डॉक्टर नव्हती आणि पुरुष डॉक्टरला दाखवायची रीत नव्हती. तिथून तिनं डॉक्टर व्हायचं मनात घेतलं. तिचे पती गोपाळराव टपाल खात्यात होते. बदल्या होत होत दोघं बंगालमध्ये, कलकत्त्याजवळच्या श्रीरामपूरला पोचले. ती अमेरिकेला शिकायला जाणार हे कळल्यावर लोकांनी तोंडाला तोंड लावलं. कुणी हसलं, कुणी शिव्या दिल्या. तेव्हा आनंदीबाईनं काय केलं माहीत आहे? १८८३ च्या फेब्रुवारीत तिथल्या कॉलेजच्या सभागृहात सभा भरली आणि ही अठरा वर्षंही पुरी न झालेली मुलगी सगळ्यांसमोर उभी राहिली. लोक आपल्या पाठीमागं जे प्रश्न विचारतात ते तिनं स्वतःच मांडले, एकेक करून, आणि एकेकाचं उत्तर इंग्रजीतून दिलं.

असे सहा प्रश्न होते. मी ते आपल्या भाषेत फळ्यावर लिहिले. अमेरिकेलाच का जायचं? इथं शिकायची सोय नाही का? एकटीच का? परत आल्यावर जातीबाहेर टाकलं तर? तिथं काही संकट आलं तर? आणि आजपर्यंत कुठल्याच बाईनं केलं नाही ते तूच का करायचं?

मला ही गोष्ट फार आवडते. का, तर तिनं फक्त "मी जाणार" असं म्हटलं नाही. तिनं तराजू सगळ्यांसमोर धरला. त्याच वर्षी ती बोटीत बसली, १८८६ मध्ये डॉक्टर झाली, परत आली, कोल्हापूरच्या दवाखान्यात तिची नेमणूकही झाली होती. पण क्षयानं पोखरलेली होती. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात गेली. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

वर्ग गप्प झाला. मग पहिल्या बाकावरची एक चुणचुणीत मुलगी म्हणाली, "मॅडम, हेच प्रश्न याच्या पप्पाला इचारू या."

आणि खरंच सांगते, हे मला सुचलं नव्हतं. शिकवणारी मी, पण सुचलं तिला.

मुलांनी प्रश्न आपल्या सोयीनं बदलून घेतले. दुबईलाच का? इथं काम नाही का? एकटेच का? परत आल्यावर काय? आजारी पडले तर? गावातून कुणी गेलं नाही, मग तुम्हीच का? त्या मुलानं ते वहीत उतरवून घेतले.

दुसऱ्या प्रश्नावर तर गणिताचा तासच झाला. तीन एकरात एकरी सात क्विंटल सोयाबीन धरलं तर २१ क्विंटल. भाव ४३०० धरला. सरकारचा २०२५-२६ चा हमीभाव ५३२८ रुपये आहे, पण तो हातात पडतोच असं नाही, हे चौथीच्या पोरांनाही माहीत होतं. "मॅडम, हमीभाव कागदावर असतोय," असं एकानं सांगितलं. झाले ९०,३०० रुपये. बियाणं, खत, फवारणी, मजुरी एकरी २० हजार धरली तर ६० हजार वजा. उरले ३०,३०० आणि ते वर्षाचे! बरं, हे पाऊस नीट पडला तर. वेल्डिंगच्या दुकानात रोज ४५० प्रमाणे महिन्याचे २२ दिवस काम लागलं तर ९,९००.

आता तिकडची बाजू. दिरहम म्हणजे तिथलं चलन. एका दिरहमाला २३ रुपये धरले. १५०० दिरहम म्हणजे ३४,५०० रुपये. खाण्यापिण्याला आणि फोनला ४०० दिरहम काढून ठेवले तर घरी ११०० दिरहम, म्हणजे २५,३०० रुपये. पोरं "बाप रे!" म्हणाली. पण तो दीड लाख कुठून येणार? "याजानं," असं तो मुलगा म्हणाला. शेकडा तीननं. म्हणजे महिन्याला साडेचार हजार नुसतं व्याज. आणि मुद्दल फेडायलाच सहा महिन्यांची कमाई जाणार. तो आकडा फळ्यावर आला तेव्हा त्या मुलानं दोनदा भागाकार करून बघितला, चुकलाय का म्हणून. चुकला नव्हता.

तरीसुद्धा वर्गानं कौल दिला तो जाण्याच्या बाजूनंच. २५ हजार आणि ९ हजार यात काय मोठं, हे कळायला चौथी शिकावी लागत नाही.

मी म्हटलं, थांबा, परत आलेल्यांचीही गोष्ट ऐका. डॉ. जयंत नारळीकर. कोल्हापुरात जन्म, बनारसला शिक्षण, १९५७ मध्ये इंग्लंडला केंब्रिजला गेले. ताऱ्यांचं, विश्वाचं गणित मांडून जगभर नाव झालं. तिथं राहिले असते तर काही कमी नव्हतं. पण १९७२ मध्ये घरच्यांना घेऊन मुंबईला आले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शिकवलं, पुढं १९८८ मध्ये पुण्यात आयुका ही संस्था उभी केली आणि मुलांसाठी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या. मे २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या आत्मचरित्राच्या नावातच चार नगरं आहेत. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत शिकून आले आणि १९८६ पासून गडचिरोलीत काम करू लागले, तेही सांगितलं. मी अगदी रंगून सांगत होते.

तो मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, त्यांना तिकडं बी काम होतं आन् इकडं बी होतं."

मी खडू खाली ठेवला. बरोबरच होतं त्याचं. आपण मोठ्या माणसांच्या गोष्टी सांगतो तेव्हा हे विसरतो. ज्याला दोन्हीकडं दार उघडं आहे त्याचं निवडणं वेगळं आणि ज्याचं एक दार पावसात वाहून गेलंय त्याचं वेगळं. मी स्वतः काही मोठी देशभक्त म्हणून औशात राहिलेली नाही बरं का. माझा भाऊ पुण्यात आहे आणि एकदा मीही आंतरजिल्हा बदलीचा फॉर्म भरला होता. मग सासूबाईंचे गुडघे, घराच्या कर्जाचे हप्ते, यांचा हिशेब केला आणि परत घेतला. माझ्या राहण्यामागं एवढंच आहे.

कुणीतरी विचारलं, "मॅडम, आपल्या इकडंच असं असतंय का सगळ्या जगात?"

मी कपाटावरचा पृथ्वीगोल काढला. धूळ पुसून आफ्रिका दाखवली. तिच्या पश्चिम बाजूला नायजेरिया आहे. वीस कोटींहून जास्त माणसं. तिथल्या योरुबा भाषेत एक शब्द आहे, 'जापा'. म्हणजे पळून जाणं, सटकणं. आजकाल तिथं तो शब्द परदेशी निघून जाण्यासाठी वापरतात. घरोघरी हीच चर्चा, जापा करायचं की राहायचं. त्यांच्या पैशाला नायरा म्हणतात. जून २०२३ मध्ये एका डॉलरला ४७० च्या आसपास नायरा पडायचे, २०२४ च्या सुरुवातीला १४०० च्या वर पडायला लागले. म्हणजे पगार तेवढाच, पण बाजारात त्याची किंमत तिसरा हिस्सा! मग शिकलेली माणसं कॅनडाला, इंग्लंडला निघाली, त्यात डॉक्टर आणि नर्स पुष्कळ.

"तिथं पाऊस न्हाई का?"

पाऊस आहे. तेलही आहे. १९५६ मध्ये तिथं जमिनीत खनिज तेल सापडलं.

"दुबईकडं बी तेलच हाय ना? मग एका तेलाच्या देशातून लोक पळालेत आन् दुसऱ्या तेलाच्या देशात जायलेत, असं कसं?"

सांगा, याला चौथीतला मुलगा म्हणायचं का! मी म्हटलं, तेल आहे ते मुख्यतः दुबईशेजारच्या अबुधाबीत, पण देश एकच, संयुक्त अरब अमिराती. जमिनीत काय आहे यापेक्षा त्याचं पुढं काय केलं, किती माणसांत वाटायचं होतं आणि ते कुणाच्या हाती पडलं, यावर बरंच अवलंबून असतं. उत्तर पुरं नव्हतं, मला माहीत आहे. मोठेपणी त्यातल्या कुणीतरी पुरं करावं.

पण त्या पहिल्या बाकावरच्या मुलीचं लक्ष तेलाकडं नव्हतंच. ती म्हणाली, "डॉक्टर गेले, मग तिथल्या आजारी लोकांना कोण बघतंय?"

"राहिलेले डॉक्टर बघतात. त्यांना जास्त काम पडतं."

"त्यांना इचारलं होतं का कुणी?" मग ती उठून फळ्यापाशी आली, माझ्या हातातला खडू घेतला आणि सहाव्या प्रश्नाखाली लिहिलं: 'मागं राहणाऱ्यांना विचारलं का?'

मी फळ्याकडं बघत राहिले. आनंदीबाईचे सहाही प्रश्न जाणाऱ्या माणसाचे होते. मागं राहणाऱ्याचा त्यात एकही नव्हता. आणि शेवटच्या बाकावर "मला कुणी इचारलंच न्हाई की" म्हणणारा मुलगा तो प्रश्न वहीत लिहून घेत होता.

चार दिवस वही घरीच राहिली. पाचव्या दिवशी आली. निळ्या पेनात वडिलांचं अक्षर, मोठं मोठं, नांगराच्या तासासारखं तिरकं. पहिल्या प्रश्नाला एकच शब्द: पैसे. दुसऱ्याला: काम आहे, भागत नाही. तिसऱ्याला लिहिलं होतं, 'पगार तेवढा नाही.' हे खरंच आहे. तिथं कुटुंब न्यायचं तर पगार किमान ४००० दिरहम लागतो, किंवा ३००० आणि वर राहायची जागा. १५०० वाल्यानं एकट्यानंच जायचं. सहाव्याला: 'कुणीतरी पहिलं जातंच.' मला ते उत्तर आनंदीबाईच्या तोडीचं वाटलं.

चौथ्या प्रश्नाखाली मात्र अक्षर दुसरं होतं, म्हणजे त्या मुलाचंच. आजीनं सांगितलेलं त्यानं लिहून घेतलं होतं. आजीचं माहेर किल्लारीच्या भागातलं. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना भूकंप झाला तेव्हा ती गणपती विसर्जनासाठी माहेरी गेलेली होती. तुमच्या घरातही कुणी ना कुणी ती रात्र सांगत असेल. पुढं पार मोडलेली ५२ गावं नव्या जागी वसवली. काही किलोमीटरच लांब, पक्की घरं, रुंद रस्ते. वहीत लिहिलं होतं, 'आजी म्हणती, आम्ही गाव सोडलं नाही, गावच उठलं. नव्या गावात अजून मला घर सापडत नाही. परत यायला जागा लागती, ती ठेवून जा.' आजीचा हा हट्ट होता की शेतातला एक गुंठाही गहाण ठेवायचा नाही.

आणि सातवा प्रश्न. त्याच्याखाली आईनं लिहिलं होतं. बारीक, सरळ, रेघेवर बसवलेलं अक्षर. ती बारावी पास आहे, हे मला तेव्हा कळलं. लग्नानंतर तिला कुठंच काही लिहावं लागलं नसेल, बचत गटाच्या रजिस्टरवर सही सोडली तर. तिनं लिहिलं होतं: 'विचारलं नव्हतं. आता विचारलं. माझं म्हणणं, जायला ना नाही. दूध, शेत, आत्याबाईंची औषधं, पोरांचा अभ्यास मी बघीन, ते आताही मीच बघते. पण कागद आधी मला वाचायला द्यायचे.'

कागद कुणीच वाचले नव्हते, दोस्तांनो. इंग्रजीत होते ना. वडिलांनी नुसते फोनमध्ये ठेवले होते. आईनं शब्दकोश घेऊन दोन रात्री बसून वाचले आणि तिला एका शब्दाशी अडलं, म्हणून शनिवारी ती शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, यात व्हिजिट असं लिहिलंय. व्हिजिट म्हणजे भेट ना? आन् खाली साठ दिवस. हे तर दोन वर्षांचं म्हणत होते."

म्हणजे तो नोकरीचा व्हिसा नव्हताच. पाहुणा म्हणून दोन महिने फिरायला जायचा व्हिसा होता. त्यावर काम करणं तिथल्या कायद्यात गुन्हा आहे. पकडलं तर दंड, आणि काम करून घेऊन मालकानं पैसे दिले नाहीत तर दाद कुठं मागणार?

मग आम्ही दोघी, आणि संध्याकाळी आमचे हे, असे नीट माहिती काढत बसलो. तुमच्याही घरातलं कुणी जाणार असेल तर हे आईबाबांना वाचून दाखवा. १९८३ साली झालेल्या कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीला पाठवणाऱ्या दलालाकडं केंद्र सरकारचा परवाना लागतो आणि त्याचा नोंदणी क्रमांक 'ई-मायग्रेट' या सरकारी संकेतस्थळावर तपासता येतो. त्यानं घ्यायची फी ३० हजार रुपये आणि त्यावरचा कर, यापेक्षा जास्त घ्यायची नाही. दीड लाख नव्हे! जो माणूस दहावी पास नाही त्याचा पासपोर्ट 'ईसीआर' प्रकारचा निघतो. त्याला आखाती देशांत कामाला जाण्याआधी 'प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स' या सरकारी कार्यालयाची मंजुरी घ्यावी लागते. ते नोकरीचा करार बघतात. आणि अशा कामगाराला प्रवासी भारतीय विमा काढावा लागतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, विमा दहा लाखांचा. मुलांच्या पाचव्या प्रश्नाचं, 'आजारी पडले तर', थोडंफार उत्तर त्यात आहे. पण पाहुण्याच्या व्हिसावर गेलेल्याला यातलं काहीच मिळत नाही.

वडिलांनी त्या माणसाला फोन करून नोंदणी क्रमांक विचारला. तो म्हणाला, पाठवतो. नंतर फोन लागेना. नशीब, पैसे दिले नव्हते. आजीनं शेत गहाण टाकू दिलं नव्हतं म्हणून दिले नव्हते, हेही खरं.

तुम्हाला वाटेल, झालं, पप्पा गावातच राहिले, गोष्ट संपली. तसं नाही. त्यांच्या डोक्यातून दुबई गेलेली नाही आणि जावी असं मलाही वाटत नाही. भागत नाही हे तर तसंच आहे. फक्त मध्ये एक वेगळीच गोष्ट घडली. पासपोर्टची माहिती वाचताना आईच्या ध्यानात आलं की दहावी पास असलं तर तो ईसीआरचा फेरा टळतो. आणि चाकणला परत जायचं म्हटलं तरी कारखानेवाले आता पहिलं दहावीच विचारतात. तिनं मला विचारलं, "बत्तीस वर्षांच्या माणसाला दहावीला बसता येतंय का?"

येतं की! आपल्या बोर्डाचा १७ नंबरचा फॉर्म असतो, शाळेत न जाता बाहेरून परीक्षा देणाऱ्यांसाठी. शाळा सोडल्याचा दाखला लागतो. पुढच्या वर्षीच्या परीक्षेचा फॉर्म निघायला अजून वेळ आहे, पण त्यांनी जुन्या हायस्कुलातून दाखला काढून आणलाय. नववीत सोडलेली पुस्तकं आता सगळी बदललीत, म्हणून शेजारच्या दहावीतल्या पोरीची घेतलीत. दुकानावरून आले की रात्री जेवून नवरा-बायको दिव्याखाली बसतात. ती शिकवते, ते शिकतात. आजी म्हणते, "येडी झालीत दोघं बी."

आमचा शेवटच्या बाकावरचा मुलगा आता मधल्या सुट्टीत खिचडी दोनदा घेतो. परवा वही तपासायला घेऊन आला आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "मॅडम, कुणाला सांगू नका. पप्पाचं गणित लई कच्चं हाय. भागाकार मीच शिकवायलोय."

मग जाता जाता वळून म्हणाला, "त्यांनी मला इचारलं मॅडम, जाऊ का म्हणून. मी म्हणलं, आधी पेपर तर द्या."